सोलून चिकटवायचा वॉलपेपर: रोल चांगला, वेष्टनावरचं बोलणं कच्चं

मागचा कागद सोलून थेट भिंतीला लावायचा व्हिनाइल वॉलपेपर नवख्या माणसानं घ्यायला हरकत नाही. मात्र सुरुवात एकाच भिंतीपासून करावी, आणि तीही तपासून झाल्यावर. खळ कालवायची नाही, ब्रश धुवायचे नाहीत, पट्टी तिरकी बसली तर लगेच उचलून पुन्हा लावता येते. ‘कोणत्याही भिंतीवर, अर्ध्या तासात’ हा दावा तेवढा सोडून द्या. साडेतीन मीटरच्या भिंतीला दोन माणसांचा अर्धा दिवस सहज जातो.

गोंद धरतो तो भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या थराला. तो थर कच्चा असेल तर कितीही भारी रोल आणा, कडा सुटणारच. म्हणून आधी तळहात भिंतीवर जोरात घासून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुनं डिस्टेंपर सुटतंय. ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, प्रायमरचा एक हात दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवा रंग दिला असेल तर तीन-चार आठवडे थांबा, कारण वरून कोरडा लागणारा रंग आतून अजून वाळत असतो. डाग न धरणारे गुळगुळीत धुण्याजोगे रंग वेगळाच त्रास देतात. डाग चिकटत नाही तिथे गोंदही नीट चिकटत नाही. टेक्श्चरच्या भिंतीवर गोंद फक्त उंचवट्यांना टेकतो, तिथे हा प्रकार नकोच.

ओलीची शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपनं बंद करून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं तर आधी गळतीचं बघा. व्हिनाइलमधून वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते.

रोल किती लागतील यात बहुतेकांची फसगत होते. नेहमीचा रोल ४५ सेंटीमीटर रुंद, १० मीटर लांब, म्हणजे साडेचार चौरस मीटर. ३.६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच भिंत १०.८ चौरस मीटरची, त्या हिशेबानं तीन रोल पुरावेत. साध्या रंगाचे पुरतातही: वर-खाली ५-५ सेंटीमीटर जादा धरून पट्टी ३.१ मीटरची, एका रोलमध्ये तीन, एकूण आठ पट्ट्या. पण नक्षी दर ६० सेंटीमीटरवर पुन्हा येत असेल, तर ती जुळवायला दुसरी पट्टी ३.६ मीटरवर सुरू होते आणि तिसरी ७.२ वर. तिसरीला लांबी उरत नाही. रोलमागे दोनच पट्ट्या, म्हणजे चार रोल. विक्रेत्याचं ‘चौरस मीटर टाका’ हे गणित नक्षीचा विचारच करत नाही. सगळे रोल एकाच बॅच नंबरचे घ्या, वेगळ्या बॅचचा रंग शेजारी लावल्यावर दिसतो.

पहिली पट्टी कोपऱ्याच्या भरवशावर लावू नका, कोपरे क्वचितच सरळ असतात. ओळंबा सोडून पेन्सिलीची फिकट रेघ मारा आणि पट्टी त्या रेघेला लावा. मागचा कागद एकदम काढायचा मोह आवरा. वरून १५-२० सेंटीमीटर सोला, चिकटवा, फडकं गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्टीनं मधून कडेकडे हवा काढा, मग पुढचं सोला. एकानं खालचा भाग सांभाळावा. सगळ्यात वाईट चूक म्हणजे सुरकुती घालवायला ओढणं. ताणलेलं व्हिनाइल काही दिवसांत आखडतं आणि जोडात भिंतीची पांढरी रेघ डोकावते. सुरकुती पडली तर तिथपर्यंत उचला आणि पुन्हा सोडा. बारीक फुगा राहिला तर सुईनं टोचून दाबा.

आतल्या कोपऱ्यात पूर्ण पट्टी वळवली की ती तणाव धरून सुटते. सेंटीमीटरभर पलीकडे जाईल अशी उभी कापा आणि दुसऱ्या भिंतीवर नव्या ओळंब्यानं सुरुवात करा. स्विचबोर्डाशी आधी मेन बंद, मग प्लेट सैल करून कड तिच्याखाली अर्धा सेंटीमीटर सरकवा. कटरचं पातं दर एक-दोन पट्ट्यांनंतर बदला. बोथट पातं व्हिनाइल कापत नाही, ओरबाडतं.

शेगडीच्या मागे आणि शॉवरजवळ लावू नका. उष्णतेनं गोंद मऊ पडतो, पाणी जोडातून शिरतं.

‘सहज निघतो’ हा दावा निम्मा खरा. हेअर ड्रायरनं कोमट करून, कागद स्वतःवरच दुमडल्यासारखा भिंतीला समांतर खाली ओढला तर बहुतेक स्वच्छ निघतो. समोर सरळ खेचला तर पुट्टीचे पोपडे बरोबर येतात. भाड्याच्या घरात म्हणूनच आधी कपाटामागे हातभर तुकडा लावा आणि दोन दिवसांनी काढून बघा.