गूगल स्कॉलरवर डॉक्टरचे पेपर मोजले, त्याचा रिव्ह्यू

साडेतीन स्टार. गूगल स्कॉलर म्हणजे रिसर्च पेपर शोधायचं गूगलचंच पान. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि आमच्या गावात टॉवरची एक दांडी दिसत असली तरी उघडते, अर्धा स्टार तर त्याचाच.

आता मी कृषी केंद्रवाला माणूस, मले काय करायचं होतं रिसर्च पेपरचं? तर झालं असं की बाबांच्या गालात आतून चट्टा होता त्याची जखम झाली, तीस वर्षं खर्रा घोटला, दुसरं काय होणार. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. नागपूरच्या सर्जननं सांगितलं गालातलं काढू आणि सोबतच मानेतल्या गाठीही, म्हणजे लसिकाग्रंथी, काढून टाकू. मानेत तर हाताला काहीच लागत नव्हतं! घरात भांडण. मामा म्हणे चांगली मान काहून कापते तो, बिल वाढवाले? अन् मामानं एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरचं पत्रक आणलं, त्यावर "आंतरराष्ट्रीय संशोधक, 300 हून अधिक रिसर्च पेपर". म्हटलं थांबा, पाहू तरी.

नाव टाकलं तर खरंच ढीगभर पेपर. मग दोन-चार उघडले. एक पुलाच्या काँक्रीटवर, एक शाळेतल्या मुलांच्या उंचीवर, एक सोयाबीनच्या खोडमाशीवर (हा मात्र मी पूर्ण वाचला, कामाचा निघाला). म्हणजे आडनाव आणि पुढचं एक अक्षर जुळलं की सगळे एका पोत्यात. आपल्याकडे एका आडनावाचे किती राह्यतात, तुम्हीच मोजा. ज्यानं स्वतःचं प्रोफाइल बनवलं त्याचं थोडं बरं दिसते, पण तेही तो स्वतःच सांभाळते, दुसऱ्याचा पेपर चिकटून राह्यला तर काढायची जबाबदारी त्याचीच. छाननी करता करता कॅन्सरचे म्हणून उरले ते बोटावर मोजण्याइतके.

प्रोफाइलवर एच-इंडेक्स म्हणून एक आकडा असते. 2005 मध्ये हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्या प्रोफेसरनं काढला. एच-इंडेक्स 20 म्हणजे त्या माणसाचे 20 पेपर असे की प्रत्येकाचा दाखला, म्हणजे सायटेशन, बाकीच्या पेपरांत किमान 20 वेळा दिलेला. आयडिया चांगली आहे, एकच पेपर गाजला आणि बाकी फोलपट असं असलं तर आकडा वाढत नाही. पण दाखला शिव्या देण्यासाठी दिला तरी एक धरते, स्वतःच स्वतःचा दिला तरी धरते, आणि पेपरवर पन्नास जणांची नावं असली तर पन्नासही जणांच्या खात्यात पूर्ण एक जमा. एक एकर कपाशी आणि सातबाऱ्यावर पन्नास नावं, अन् प्रत्येकजण म्हणते माझीच.

त्यापेक्षा डॉक्टरचं नाव सोडून आजारच टाकला, तोंडाचा कॅन्सर आणि मानेच्या गाठी, इंग्रजीत. तिथं पैसे वसूल झाले, म्हणजे पैसे दिलेच नव्हते पण तरी. वरच मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा 2015 चा पेपर आला, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. इंग्रजी माझी बेताचीच म्हणून नर्सिंगच्या भाचीला फोन लावला, तिनं वाचून सांगितलं. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरचे 500 पेशंट, मानेत गाठ लागत नसलेले, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एकात मान सोबतच साफ केली, दुसऱ्यात गाठ आली तर पाहू म्हणून थांबले. तीन वर्षांनी पहिल्यात 80 टक्के जिवंत, दुसऱ्यात 67.5. आपण नाही का एकाच वावरात दोन पट्टे पाडून औषध मारून पाहतो, तेच, फक्त इथं माणसं. त्याखाली "साइटेड बाय" दाबलं तर पुढं कोणी कोणी हा पेपर धरून काम केलं ते सगळं उघडते. सायटेशनचा खरा उपयोग मले तिथं समजला.

अन् नागपूरच्या सर्जनचे पेपर पाह्यले का? पाह्यले. सहा. सांगत मात्र तो तेच होता जे टाटानं सिद्ध केलं. त्याचा हात कसा आहे, रोज किती ऑपरेशन करते, हे काही स्कॉलरवर दिसत नाही, ते वॉर्डातल्या पेशंटच्या घरच्यांना चहा पाजून विचारलं.

दीड स्टार कापला तो याचा की पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं आणि चांगली जर्नलं एकाच रांगेत दिसतात, आणि पूर्ण पेपर बरेचदा विकत. उजव्या बाजूला पीडीएफ लिहिलेलं दिसलं तर ते दाबा, ते फुकट राह्यते. पेपर नंतर मागे घेतला असला तर पबमेड या डॉक्टरी पेपरांच्या साइटवर तसं लिहून येते, तिथं एकदा पाहून घ्या, तेही फुकटच आहे.

बाबांचं ऑपरेशन झालं. मानेतून काढलेल्या गाठींचा रिपोर्ट आला, दोन गाठींत कॅन्सर होता. मामानं रिपोर्ट दोनदा वाचून घेतला भाचीकडून, मग गुपचूप खाली ठेवला.