सिरॅमिक की पोर्सिलेन? दोन्ही चार वर्षं वापरून मग लिहितेय

घराचं काम होऊन चार वर्षं झाली. हॉलला पोर्सिलेनच्या टाइल्स, स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या भिंतींना सिरॅमिक, दोन्ही रोजच्या वापरात, म्हणून आता लिहायला बसले. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं चकाकीचं कौतुक झालं असतं.

आधी हे सांगते की पोर्सिलेन म्हणजे भारी आणि सिरॅमिक म्हणजे स्वस्तातली तडजोड, असं अजिबात नाहीये. दोन्ही मातीच्याच, फरक माती किती बारीक, किती दाबलेली आणि किती भाजलेली याचा. पोर्सिलेन १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, त्यात आतली बारीक छिद्रं जवळपास मिटून जातात, आणि पाणी शोषण्याचं प्रमाण ०.५ टक्का किंवा त्याहून कमी असलं तरच ती पोर्सिलेन. भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. दुकानात ओळखायचं असेल तर टाइल उलटी करा आणि मागे चमचाभर पाणी टाका, सिरॅमिक बघता बघता पिऊन टाकते, पोर्सिलेनवर पाणी तसंच उभं राहतं. पुढून टाकून काही कळत नाही, तिथे ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर असतो ना.

मग भिंतीला सिरॅमिक का घेतली? कारण भिंतीवर कोणी चालत नाही! टाइल हलकी असते, मिस्त्रीला कापायला सोपी जाते, नंतर हुक किंवा शेल्फ लावायला भोक पाडायचं तर साध्या टाइल बिटने काम होतं. पोर्सिलेनला डायमंड बिट लागतो आणि घाई केली तर कोपरा उडतो. चार वर्षांत भिंतीची एकही टाइल तडकली नाही, तेलकट डाग ओल्या फडक्याने निघतात. भिंतीसाठी मी परत सिरॅमिकच घेईन, जास्त पैसे घालायचे तर जमिनीवर घाला.

हॉलची पॉलिश केलेली पोर्सिलेन मात्र मला पूर्ण आवडली असं म्हणता येणार नाही. मजबूत आहे, जड कपाट सरकवलं तरी ओरखडा नाही, पण पॉलिश करताना वरचा थर घासला जातो आणि बंद असलेली सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात. शाईचा एक डाग रात्रभर राहिला तो अजून फिकट दिसतो. ग्लेझवाल्या मॅट पोर्सिलेनला हा त्रास खूप कमी. ग्लेझवाली घेत असाल तर बॉक्सवर पीईआय नंबर बघा, ० ते ५ असतो, घरातल्या जमिनीला ३ किंवा ४ पुरतो. पण हा नंबर झिजण्याचा आहे, घसरण्याचा नाही, आणि नेमका इथेच माझा घोटाळा झाला.

बाथरूमच्या जमिनीला मी ४ नंबर बघून गुळगुळीत टाइल घेतली, चांगली म्हणून. दुसऱ्याच आठवड्यात आईचा पाय सटकला. नशिबाने हात नळाला लागला, पण मला अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो. ती जमीन उखडली आणि मॅट, छोट्या आकाराची पोर्सिलेन बसवली. घसरण्यासाठी आर ९ ते आर १३ असे वेगळे नंबर असतात, पण ती चाचणी बूट घालून तेलाच्या उतारावर करतात. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी असे वर्ग असतात, ती चाचणी साबणाच्या पाण्यावर होते आणि सी सगळ्यात पकडवाला. बाथरूममध्ये आपण अनवाणीच असतो, तर शॉवरखाली बी तरी बघाच. छोट्या टाइल्सचा फायदा असा की सांधे जास्त म्हणून पकड जास्त, शिवाय जाळीकडे उतार नीट काढता येतो, मोठी टाइल उताराला मध्येच कापावी लागते.

आता बॉक्स. त्यावर शेड नंबर आणि कॅलिबर, म्हणजे टाइलचं नेमकं माप, लिहिलेलं असतं, सगळ्या बॉक्सवर दोन्ही एकच पाहिजेत. शेड वेगळी निघाली तर अर्धी जमीन पिवळट दिसते, कॅलिबर वेगळं असलं तर सांधे एका रेषेत येत नाहीत. हे सगळं माल उतरवून घेतानाच बघा, टाइल बसल्यावर कोणी परत घेत नाही. तुटफुट धरून १० टक्के जास्त मागवा.

बसवण्याबद्दल थोडक्यात. पोर्सिलेन पाणी पीत नाही म्हणून नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही, तिला पॉलिमर असलेलं अ‍ॅडेसिव्हच पाहिजे. मिस्त्री म्हणेल काही होत नाही, पण ऐकू नका. लांब फळीसारखी टाइल असेल तर विटांसारखी अर्ध्यावर जोडू देऊ नका, अशा टाइल मधोमध किंचित फुगीर असतात आणि शेजारचं टोक नेमकं त्या फुगवट्याशी येतं, मग कड पायाला लागते. एक तृतीयांशावर जोडून घ्या. आणि भिंतीलगत बारीक फट सोडायला सांगा, स्कर्टिंगखाली झाकली जाते, ती नसली की टाइल्स फुगून उचलल्या जातात.

गेल्या महिन्यात नळाच्या कामासाठी बाथरूमच्या दोन टाइल्स फोडाव्या लागल्या. माळ्यावर एक बॉक्स राखून ठेवला होता, त्याच शेडचा. मिस्त्रीने दोन तासांत बसवल्या, आणि आता कुठल्या दोन बदलल्या ते मलाच शोधावं लागतं.