‘नाराज’ मतदाराला रंगच नाही: एका निवडणूक सॉफ्टवेअरचे परीक्षण

निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात मंडपवाले, डिजिटल फलकवाले आणि जेवणाचे ठेकेदार यांच्याबरोबर आता सॉफ्टवेअरवालेही नेत्यांच्या कार्यालयांत फेऱ्या मारू लागतात. अशाच एका कंपनीचे मतदार यादीचे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेले मोबाइल अ‍ॅप मी २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील एका विद्यमान आमदारांच्या प्रचार कार्यालयात वापरले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मी पाहिलेली इतर सॉफ्टवेअरही थोड्याफार फरकाने याच साच्यातील आहेत. कंपनीचा दावा असा की हे घेतल्यावर विद्यमान लोकप्रतिनिधीचा पुन्हा निवडून येण्याचा मार्ग सोपा होतो. त्या एकाच दाव्याच्या कसोटीवर हे परीक्षण केले आहे.

आधी जमेची बाजू. नावावरून, आडनावावरून किंवा घर क्रमांकावरून मतदार शोधण्याचे काम हे सॉफ्टवेअर क्षणार्धात करते. एकाच घरातील दोघांची नावे वेगवेगळ्या यादी भागांत गेली असतील तर तेही दाखवते. मतदान केंद्राबाहेरच्या टेबलावर बसलेल्या कार्यकर्त्याला पूर्वी जाडजूड यादीची पाने उलटत बसावे लागे आणि मागे रांग वाढली की शिव्याही खाव्या लागत. आता मोबाइलवर नाव टाकले की केंद्र, खोली आणि अनुक्रमांक समोर येतो. मयत, दुबार आणि स्थलांतरित मतदार वेगळे काढण्याची सोयही चांगली आहे, मात्र ती माहिती कार्यकर्त्यांनीच घरोघर फिरून भरावी लागते.

उणिवा यादीच्या मजकुरापासूनच सुरू होतात. निवडणूक आयोग मतदार यादी चित्ररूप पानांत देतो, त्यामुळे कंपन्या ती यंत्राकरवी वाचून घेतात आणि त्या वाचनात जोडाक्षरांचे हाल होतात. आडनाव चुकीचे वाचले गेले की तो मतदार शोधात सापडतच नाही आणि टेबलावरचा माणूस त्याला ‘तुमचं नाव यादीत नाही’ असे बेधडक सांगून मोकळा होतो. आमच्याकडे अशी तक्रार वारंवार आली. अखेर छापील यादी पुन्हा टेबलावर ठेवावी लागली.

चिठ्ठीबाबतही सावध राहायला हवे. खिशात मावणाऱ्या छपाई यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र आणि चिन्ह असलेली मतदार चिठ्ठी निघते, हे कंपनी मोठ्या अभिमानाने दाखवते. परंतु आदर्श आचारसंहितेनुसार पक्षांनी मतदारांना द्यायच्या ओळख चिठ्ठ्या साध्या पांढऱ्या कागदावर असाव्यात आणि त्यांवर चिन्ह, उमेदवाराचे नाव किंवा पक्षाचे नाव नसावे. म्हणजे ज्या सोयीची सर्वाधिक जाहिरात होते, तीच उमेदवाराला अडचणीत आणू शकते. आम्ही चिन्हाचा पर्याय बंद करून घेतला. तो पर्याय शोधायलाही कंपनीच्या माणसाला बोलवावे लागले.

आडनावावरून समाजनिहाय याद्या काढण्याची सोय तर कोल्हापुरात अक्षरशः हास्यास्पद ठरते. येथे पाटील मराठा असतात, जैन असतात, लिंगायतही असतात, चौगुल्यांचेही तसेच. सॉफ्टवेअरने सगळे पाटील एकाच रकान्यात टाकले आणि त्या आधारे शिरोळ-हातकणंगल्याकडच्या एखाद्या गावाचे गणित कोणी मांडले, तर ते गावातील कोणताही जाणता माणूस पहिल्या मिनिटात खोडून काढील.

आता मुख्य मुद्दा. या अ‍ॅपमध्ये प्रत्येक मतदाराला तीनपैकी एक रंग द्यायचा असतो: आपला तो हिरवा, विरोधी तो लाल आणि काठावरचा तो पिवळा. नव्या उमेदवाराला एवढे पुरते, कारण त्याला मते मिळवायची असतात. विद्यमान आमदाराला मिळालेली मते टिकवायची असतात आणि त्याला खरा धोका असतो तो गेल्या वेळी हिरव्या असलेल्या, पण मधल्या पाच वर्षांत नाराज झालेल्या माणसाकडून. पाणंद रस्त्याचे पत्र घेऊन चार वेळा कार्यालयात आलेला, मुलाच्या नोकरीसाठी शब्द मिळूनही काहीच न झालेला, दूध संस्थेच्या वादात आपली बाजू घेतली नाही म्हणून दुखावलेला असा हा मतदार कार्यकर्त्याला दारात चहा पाजतो आणि हिरवा रंग घेऊन गप्प बसतो. आमच्या कार्यालयातील आवक नोंदवहीत ही सगळी पत्रे तारखेनिशी होती, मात्र ती नोंदवही आणि मतदार यादी एकमेकांना जोडण्याची कोणतीही सोय सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. पुन्हा निवडून येण्याची हमी विकणाऱ्या वस्तूत ही उणीव मी सर्वांत गंभीर मानतो.

जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर असे वाटण्याचे कारण लक्षात येईल. उदयसिंगराव गायकवाड १९८० ते १९९६ या काळात कोल्हापुरातून सलग पाच वेळा लोकसभेवर गेले. त्यांच्यानंतर सदाशिवराव मंडलिक १९९८ पासून सलग चार वेळा निवडून आले. काँग्रेस, राष्ट्रवादी आणि २००९ मध्ये चक्क अपक्ष, असा प्रवास करूनही. कागलमध्ये हसन मुश्रीफ १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग सहा विधानसभा निवडणुका जिंकले. यांपैकी बहुतेक विजय स्मार्टफोन हाती येण्यापूर्वीचे आहेत आणि त्यांमागे सहकारी संस्थांचे जाळे, दवाखान्याची आणि कचेरीची कामे, लग्नाला व मयतीला न चुकता लावलेली हजेरी होती. उलट, सॉफ्टवेअर सर्रास झाल्यानंतरच्या २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत कोल्हापूरच्या विद्यमान खासदाराचा पराभव झाला. सॉफ्टवेअरमुळे ते हरले असे अर्थातच नाही, पण त्याने त्यांना तारलेही नाही.

कंपनीचे प्रतिनिधी ‘एकूण कल’ दाखवणारा एक आलेख उघडून देतात. त्यावर फार विसंबू नये. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या मतांची देशभरातील टक्केवारी २०१९ च्या तुलनेत एका टक्क्याहूनही कमी घटली, तरी जागा ३०३ वरून २४० वर आल्या. नरेंद्र मोदी सलग तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले ते मित्रपक्षांच्या बळावर. मते एकूण किती, यापेक्षा ती कुठे घटली आणि कुठे वाढली हे निर्णायक ठरते, ही बाब एका मतदारसंघालाही लागू पडते. त्याच वर्षी हातकणंगल्यात धैर्यशील माने यांनी आपली जागा १३,४२६ मतांनी राखली; मतदान केंद्रांवर वाटली तर ही आघाडी केंद्रामागे दहा मतांहूनही कमी भरते. त्यामुळे एकूण आलेखापेक्षा केंद्रनिहाय तुलना उपयोगाची, आणि त्यासाठी लागणारा मागील निवडणुकीचा केंद्रनिहाय निकाल ‘फॉर्म २०’ या अधिकृत निकालपत्रकात विनामूल्य उपलब्ध असतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो भरलेलाच नव्हता. तो आम्ही स्वतः टंकून भरला.

मतदानाच्या दिवशी दुपारी ‘अद्याप मतदान न केलेले’ अशी यादी काढता येते. शहरी, कमी मतदानाच्या भागात ती मोलाची ठरेल. कोल्हापुरात लोकसभेलाही सत्तर टक्क्यांच्या वर मतदान होते, त्यामुळे चार वाजता उरलेल्या नावांत पुण्या-मुंबईला कामाला असलेले आणि स्वर्गवासी झालेलेच जास्त निघाले.

शिवाय त्या निवडणुकीच्या आधीच्या महिन्यांत लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये महिलांच्या खात्यांवर जमा होत होते, त्यामुळे स्त्रियांचा कल घरातील पुरुषांपेक्षा वेगळा असू शकत होता. याद्यांवर हिरवे-पिवळे रंग भरणारे आम्ही सगळे पुरुष होतो आणि घरातील स्त्रीचे मत बहुधा घरातील पुरुषाला विचारूनच नोंदवत होतो. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही.

घ्यायचेच असेल तर शोध आणि चिठ्ठी एवढ्यापुरते घ्यावे, समाजनिहाय याद्यांचे आणि ‘एकूण कल’ दाखवणाऱ्या आलेखाचे जादा पैसे देऊ नयेत, आणि बिल पक्के घ्यावे, कारण विधानसभेच्या ४० लाखांच्या खर्चमर्यादेत तेही दाखवावे लागते. मतदार यादीत नसलेले मोबाइल क्रमांक कंपनीने कोठून आणले हे लेखी विचारावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. कार्यकर्त्यांनी भरलेले रंग निकालानंतर कंपनीकडे राहणार की पुसले जाणार, हेही करारात लिहून घ्यावे, कारण पुढच्या निवडणुकीत हीच कंपनी समोरच्या उमेदवाराच्या कार्यालयात बसलेली असू शकते.