बुधवारच्या बाजारातला स्टॅन्ले रंधा: आठ महिने बरे गेले, मग बोल्ट निघाला

गेल्या रविवारी सागाच्या फळीवर रंधा मारताना मागची मूठ हातातच आली. आठ महिन्यांचं कौतुक तिथंच उतरलं.

घेतला होता नाशिकच्या गोदाघाटावर, बुधवारच्या बाजारात. गोणपाटावर गंजके पाने, नळाच्या तोट्या आणि त्यात हा स्टॅन्ले कंपनीचा ४ नंबरचा रंधा. आठशे म्हणाला, साडेचारशेला दिला. फ्रॉगच्या (पातं टेकतं त्या तुकड्याच्या) मागे बिडातच तीन पेटंट तारखा ओतलेल्या, दोन १९०२ च्या आणि एक १९१० ची. घरी जाहीर केलं, १९१० चा आहे! बायको म्हणाली, "म्हणजे भंगारही शंभर वर्षांचं."

चुकलोच होतो. पेटंटची तारीख ही बनवल्याची तारीख नव्हे. तीन तारखांची बॉडी साधारण १९१० ते १९१८ मधली. पण वरच्या लिव्हर कॅपचं (पातं दाबून धरणाऱ्या पट्टीचं) भोक काजूच्या आकाराचं, आणि ते १९३३ पासूनचं. त्याआधी कुलपाच्या भोकासारखं असायचं. म्हणजे दोन रंध्यांची खिचडी. दोन दिवस वाईट वाटलं. मग लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर बुडवून गंज काढला, पात्याला धार लावली, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखं सालपट निघालं. तेव्हा खिचडी गोड लागली.

आता बोल्ट. मुठीतून आरपार जाणारा मूळ बोल्ट नव्हताच. कुणीतरी ५ एमएमचा रॉड चिकटवून ठेवला होता. जुन्या स्टॅन्लेचे आटे साडेपाच एमएम जाडीचे, इंचाला २०. आपल्या दुकानांतला ५ एमएम त्यात खुळखुळतो आणि ६ एमएम शिरत नाही. चार दुकानं फिरलो. एकाने "नवीन आटे पाडून देतो" म्हटलं. शंभर वर्षांच्या बिडात ड्रिल? नको रे बाबा. शेवटी अंबडच्या एका टर्नरने लेथवर करून दिला. तीनशे रुपये! साडेचारशेच्या रंध्याला!

घेणाऱ्यांनी आधी मूठ हलवून बघा. तोंडापाशी, म्हणजे तळाला पातं बाहेर येतं त्या फटीपाशी, तडा आहे का तेही बघा: रॉकेल लावून कोरडं पुसा, वर खडू घासा. तडा असेल तर ओली रेघ उमटते.

या बुधवारी परत गेलो. तळाला तडा गेलेला दुसरा स्टॅन्ले पडला होता, मुठीसकट, मूळ बोल्टसकट. दीडशे म्हणाला. टर्नरचे तीनशे आठवून पाच मिनिटं तिथंच उभा राहिलो. घेतला.