बर्डीवरचं ‘नाइन्टीन एटी-फोर’ : आधी शेवटचं पान बघा

नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर पुस्तकांच्या ढिगात जॉर्ज ऑर्वेलचं ‘नाइन्टीन एटी-फोर’ हमखास सापडतं. मुखपृष्ठं वेगवेगळी, पण डोळा बहुतेकांवर असतोच. शे-दीडशेची प्रत दिसली की ती चोरून छापलेलीच असणार, असं मात्र नाही. ऑर्वेल १९५० साली वारला आणि आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणून २०११ पासून हे पुस्तक कुणीही छापू शकतं. तक्रार तिथेच आहे. कुणीही छापतं.

प्रत हातात घेतली की आधी शेवट उघडा. कादंबरीचे भाग तीन, प्रकरणं ८, १० आणि ६. त्यानंतर न्यूस्पीक या सरकारी भाषेवरचं परिशिष्ट हवं, आणि त्याचं शेवटचं वाक्य २०५० या सालावर थांबायला हवं. थांबत नसेल तर प्रत ढिगात परत. व्याकरणाची जोडपुरवणी समजून कित्येक जण हा भाग वाचतही नाहीत. पण तो साध्या इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलाय. न्यूस्पीक ही ओशिआनिया या कादंबरीतल्या हुकूमशाही देशाची भाषा ‘होती’. एवढ्या एका क्रियापदावरून, ती राजवट पुढे कधीतरी कोसळली असावी, असं म्हणणारे वाचक आहेत आणि ते साफ नाकारणारेही. परिशिष्टच गळालं तर वादाला जागा उरत नाही. नायक विन्स्टन हरतो, पुस्तक मिटतं. अमेरिकेतल्या एका बुक क्लबाने हे परिशिष्ट आणि कादंबरीतल्या गोल्डस्टाइन या राजद्रोह्याच्या ग्रंथाचा भाग गाळायला सांगितलं होतं. ऑर्वेलने ऐकलं नाही. त्याने जे वाचवलं, ते चार पानांच्या कागदासाठी का घालवायचं? पहिल्या प्रकरणातली, परिशिष्टाकडे बोट दाखवणारी तळटीपही जागेवर आहे ना, ते बघून घ्या.

दुसरी तपासणी तिसऱ्या भागाच्या सहाव्या प्रकरणात. कॅफेतल्या टेबलावरच्या धुळीत विन्स्टन बोटाने २+२=५ असं लिहितो, म्हणजे सत्ता सांगेल ते खोटंही त्याने मान्य केलेलं असतं. जुन्या ब्रिटिश छपायांत हा ५ चक्क गळला होता, तो १९८७ च्या शुद्ध केलेल्या आवृत्तीत परत आला. बरोबरच्या चिन्हापुढे जागा कोरी असली की विन्स्टन अजून पुरता वाकलेला नाही असं वाटतं. एका आकड्यात माणसाचा निकाल फिरतो! जुनी इंग्लिश प्रत मिळाली तर संग्रहाला ठेवा, पहिल्या वाचनाला नको.

उलट, पहिल्या प्रकरणात टेलिस्क्रीन या घरात पाळत ठेवणाऱ्या पडद्याच्या नजरेआडच्या कोनाड्यात बसून विन्स्टन जी डायरी लिहितो, तिच्यातले पूर्णविराम आणि मोठी अक्षरं हळूहळू नाहीशी होतात. ती छपाईची चूक नाही. भीतीपोटी घाईने लिहिणाऱ्याचा हात आहे तो.

बांधणीचं म्हणाल तर स्वस्त प्रती शिवलेल्या नसतात, नुसत्या गोंदावर असतात. मे महिन्यात दिवसभर उन्हात पडलेल्या ढिगाचा गोंद मऊ होतो आणि मधली पानं जुडीने सुटतात. प्रत मधोमध उघडून हलकेच दाबा. करकरली तर दुसरी मागा. आतल्या बाजूचा समासही बघा. तो बोटभर नसेल तर ओळींची टोकं कण्यात शिरतात आणि गोल्डस्टाइनचं लांबलचक प्रकरण वाचताना मनगट दुखतं.

सोबत हक्सलेचं ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ पडलेलं असेल तर तेही बिनधास्त घ्या, २०२४ पासून तेही मोकळं झालंय. रे ब्रॅडबरी मात्र २०१२ मध्ये गेला. त्याच्या ‘फॅरनहाइट ४५१’ची कोरी करकरीत, पण अंधुक छपाईची प्रत ऐंशी रुपयांत मिळत असेल तर ती कुठून आली हे विचारायची गरज नाही.

भावाचं काय? विन्स्टनने आपली कोरी वही जुन्या वस्तूंच्या दुकानातून अडीच डॉलरला आणली होती आणि तो दुकानदार त्याला भलताच महागात पडला. बर्डीवर “भाऊ, बरोबर लावा ना” म्हटलं की वीस-तीस रुपये सुटतात.