जुनं घर वाचवायचंय, पण मागायचं काय?

जुन्या वस्तीतलं एखादं घर पाडणार अशी कुणकुण लागली, की रहिवासी आधी सह्या गोळा करतात. सह्या हव्यातच. पण त्या कागदावर नेमकी मागणी काय, हे ठरलेलं नसलं तर मोहीम पहिल्याच सुनावणीत अडखळते. पुढचा मार्ग निवडण्याआधी दोन गोष्टी पाहा: पाडकामाचा अर्ज दाखल झालाय का, आणि तुम्हाला एकच घर वाचवायचंय की सगळी गल्ली?

एका घराची वारसा यादीत, म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत, नोंद हे सर्वात भक्कम कवच. इंग्लंडमध्ये यादीतली इमारत परवानगीशिवाय पाडणं हा फौजदारी गुन्हा आहे. मात्र कसोटी कडक असते. त्या घराला स्वतःचं असं खास मोल असावं लागतं, आणि साधं, नेटकं, चांगल्या बांधणीचं घर तिथे बहुधा टिकत नाही. शिवाय बातमी आधी फुटली तर घात होतो. लंडनच्या पश्चिमेकडची फायरस्टोन कारखान्याची देखणी इमारत १९८० च्या ऑगस्टमध्ये, सुट्टी जोडून आलेल्या शनिवार-रविवारी पाडली गेली, कारण सुट्टी संपताच ती यादीत जाणार होती. अशा वेळी तिथली स्थानिक स्वराज्य संस्था सहा महिन्यांचं तात्पुरतं संरक्षण देऊ शकते. पण पूर्वी तिथेही पुढे नोंद नाकारली गेली तर मालकाला भरपाई द्यावी लागू शकत असे, म्हणून संस्था हात आखडता घेत. तुमच्याकडे अशी सोय असेल, तर भरपाई कोणावर पडते हे आधी विचारा.

संपूर्ण परिसराला संरक्षण ही वाट लांबची आहे, तरी माझा कौल तिलाच. अमेरिकेत चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्ये असा परिसर आखला. ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने ही सोय झाली आणि स्टॅमफर्ड हे गाव पहिलं ठरलं. इथे एकेकटं घर असामान्य असावं लागत नाही. छपरांची सलग रेघ, सारखी उंची, घरांमधली मोकळी जागा यांचं मोल एकत्र धरलं जातं. जुन्या वस्तीतून फिरताना आपल्याला जे आवडतं, ते नेमकं हेच असतं. किंमतही आहे: नियम तुमच्या घरालाही लागतात. उद्या दर्शनी खिडक्या बदलायच्या तर तुम्हालाही परवानगी काढावी लागू शकते. हे शेजाऱ्यांना सही घेतानाच सांगा. नंतर कळलं तर तेच विरोधात उभे राहतात, आणि त्यांचा राग रास्त असतो.

पाडकामाला सक्तीची मुदत मिळवणं त्यामानाने सोपं. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये महत्त्वाच्या ठरलेल्या इमारतीचं पाडकाम ९० दिवस रोखता येतं. तेवढ्यात घर वाचत नाही, फक्त वेळ मिळतो. त्या काळात ‘घर धोकादायक आहे’ हा दावा स्वतंत्र अभियंत्याकडून तपासून घेता आला, मालकापुढे दुरुस्तीचा आराखडा ठेवता आला किंवा ग्राहक शोधता आला, तरच मुदतीचा उपयोग. नाहीतर एक्क्याण्णव्या दिवशी यंत्रं येतातच.

उरली खरेदी. अमेरिकेतल्याच सव्हाना शहरातला जुना बाजार १९५४ मध्ये पाडला गेला, आणि पुढच्याच वर्षी सात स्त्रियांनी पुढाकार घेऊन १८२० चं डॅव्हेनपोर्ट हाउस विकत घेतलं. त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेने पुढे फिरता निधी चालवला: घर घ्यायचं, न पाडण्याची अट करारात घालून विकायचं, त्या पैशांतून दुसरं घ्यायचं. यात मालकाला त्याचे पैसे मिळतात, त्यामुळे भांडण सर्वात कमी. मात्र सुरुवातीचं भांडवल मोठं लागतं.

पाडकामाचा अर्ज दाखल झाला असेल तर आजच मुदत मागा आणि ग्राहक शोधायला लागा. घर खरोखर अजोड असेल तर नोंदीचा अर्जही सोबत द्या, पण गाजावाजा न करता. पाडकामाचा अर्ज नसेल तर परिसराच्या संरक्षणाच्या मागे लागा, आणि त्याआधी एक प्रामाणिक हिशेब करा: एका घराच्या जागी एकच मोठं घर येतंय, की अनेक कुटुंबांना निवारा मिळतोय? दुसरं असेल तर नुसता विरोध पुरणार नाही. जुनं घर राखून मागच्या मोकळ्या जागेत किती घरं बसतात, याचा नकाशा वास्तुविशारदाकडून काढून घ्या आणि सह्यांच्या आधी तो मालकाला दाखवा.