वेतन सांगणारी सरकारी साधने : ऑस्ट्रेलियाचे गणक आणि अमेरिकेचा नकाशा

ऑस्ट्रेलियात शिकताना हॉटेलात वा दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने तिथल्या 'फेअर वर्क ओम्बड्समन' या सरकारी संस्थेचे ऑनलाइन वेतन-गणक वापरावे, असे मला मनापासून वाटते. व्यवसाय, वय आणि कामाचा प्रकार भरला की नेहमीचा ताशी दर, तसेच रविवारचा आणि सुट्टीच्या दिवसाचा वाढीव दर ते विनामूल्य दाखवते. १ जुलै २०२५ रोजी तिथले राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाले. कॅज्युअल, म्हणजे कायम कामाची हमी नसलेल्या, कामगाराला साधारणपणे २५ टक्के अधिक मिळतात, तर कायम कामगाराला वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा.

अमेरिकी कामगार खात्याचा किमान वेतनाचा राज्यवार नकाशा सुबक आहे, पण तो जे दाखवतो ते अस्वस्थ करणारे आहे. अनेक राज्यांनी आपले दर वाढवले असले, तरी संघराज्याचा दर २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवरच थांबला असून टिप मिळवणाऱ्या वेटरला मालकाने थेट द्यायची किमान रक्कम ताशी २.१३ डॉलर आहे, आणि टिप कमी पडली तरच उरलेला फरक मालकाने भरायचा असतो. पगारी रजेची संघराज्यीय सक्ती तर नाहीच.

ऑस्ट्रेलियन गणकात शंभराहून अधिक 'अवॉर्ड'मधून (उद्योगवार वा व्यवसायवार वेतन-नियमांच्या संचांमधून) आपला नेमका निवडणे नवख्याला जड जाते; अशा वेळी दुभाष्याची मोफत सोय घ्यावी आणि पगारानंतर एका कामकाजाच्या दिवसात मिळणारी वेतनचिठ्ठी गणकाशी पडताळावी.